आईला वास आला

सकाळी आम्ही मैत्रिणी फिरायला जातो. फिरणं थोडं आणि कट्ट्यावर बसणं जास्त. तिथे प्रत्येकीच्या घरातलं काही ना काही निघतं. बाकीच्यांचं सांगून संपतं, माझं संपत नाही. मंगल मला नेहमी विचारते, तुझ्याच घरी एवढं कसं गं घडतं? घडत सगळ्यांच्याच घरी असणार. त्यांना ते दिसत नाही आणि मला दिसतं, एवढंच.

मी शाळेच्या लायब्ररीत काम करते. स्वेटरच्या आत पुस्तक लपवून निघालेली मुलगी मला तिच्या चालण्यावरून कळते. ही सवय संध्याकाळी पर्ससारखी खुंटीला अडकवून ठेवता येत नाही. नाशिकला जेल रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती माझ्याबरोबर येतेच. घरात आम्ही चौघं. नवरा विलास, मोठी ऋचा आणि धाकटा ओंकार. ऋचा पुण्यात फिजिओथेरपी शिकते, ओंकार इथेच इंजिनिअरिंगला आहे. माझ्या कपाळावर आठी आली की हे तिघं एकमेकांकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "आईला वास आला."

तर असे आलेले हे काही वास.

*

यांना शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, गोड बंद आणि रोज चालायचं. हे इतक्या पटकन तयार झाले की मला तिथेच शंका यायला हवी होती. ओंकारने त्यांना पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं. रोज संध्याकाळी हे बूट घालून बाहेर पडायचे आणि तासाभराने येऊन सोफ्यावर बसत मनगट माझ्यापुढे धरायचे. आकडा रोज भरपूर. मी कौतुकाने कारल्याची भाजी वाढायची.

पुढच्या तपासणीत शुगर वाढलेली. डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, घरी गोडधोड काय काय करता?"

मी काहीच करत नव्हते. चहात साखर नव्हती, सणाला पुरण नव्हतं. हा ठपका माझ्यावर बसल्यावर मला स्वस्थ बसवेना. शिवाय एक गोष्ट आधीपासून खटकत होती. एवढं चालणाऱ्या माणसाच्या बुटांचे तळवे नव्यासारखे कसे?

एका गुरुवारी मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून यांच्या मागे निघाले. हे कोपऱ्यापर्यंत झपझप गेले, तिथून मागच्या सोसायटीच्या गेटमध्ये शिरले. आतल्या दत्तमंदिरात भजनी मंडळ बसलेलं. मी खिडकीतून पाहिलं तर हे पहिल्या रांगेत मांडी घालून, डोळे मिटून टाळ वाजवतायत. प्रत्येक ठोक्याला मनगट हलतंय आणि मनगटावरच्या घड्याळात पावलं वाढतायत. भजन संपल्यावर शिऱ्याचा प्रसाद आला. यांनी द्रोण पुढे केला. वाटणारा पुढे गेल्यावर पुन्हा केला.

मी आधीच घरी येऊन बसले. हे आले, घाम पुसला, मनगट पुढे धरलं. मी विचारलं, आज बरेच दमलेले दिसता. म्हणाले, "आज जरा चढाचा रस्ता होता."

"हो," मी म्हटलं, "आणि चढावर शिऱ्यात बेदाणेही होते."

*

ओंकारला पावसाळ्यात किल्ल्यांचं वेड लागतं. गेल्या वर्षी बातम्यांमध्ये पाय घसरून पडलेल्या पोरांबद्दल ऐकल्यापासून मी घरात जाहीर केलं होतं की पाऊस संपेपर्यंत किल्ल्यांचं नाव काढायचं नाही. तोही हो म्हणाला. मग एका शनिवारी म्हणाला, सायखेड्याला मित्राच्या घरी जातोय, प्रोजेक्ट करायचाय, मुक्काम करीन.

अभ्यासासाठी एवढ्या लांब गोदाकाठी कशाला, असं माझ्या मनात आलं. पण मित्राच्या आईशी त्याने माझं फोनवर बोलणं करून दिलं. त्या बाई चांगल्या होत्या, पोरांना भाकरी-ठेचा घालते म्हणाल्या. मी हो म्हटलं.

रविवारी संध्याकाळी हा परतला. अंग दुखतंय म्हणून आडवा झाला. प्रोजेक्टने पोटऱ्या दुखतात हे मला नवीन होतं. मी बाल्कनीत गेले, त्याचे बूट उचलले. बुटांना लाल चिखल. माझं माहेर त्याच बाजूचं, निफाडकडचं आहे. तिथली माती काळीभोर असते, पावसात पायाला अशी धरते की चप्पल मागे राहते. लाल माती त्र्यंबकच्या बाजूची. डोंगराची.

मी बूट हातात घेऊन आत आले आणि त्याला विचारलं, सायखेड्याची माती लाल कधीपासून झाली?

तो उठून बसला. थापा मारायच्या की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर ठरत असताना मला दिसत होतं. शेवटी त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "तरी बाबा म्हणाले होते, बूट खाली गाडीपाशीच धुऊन ये."

हॉलमधला टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला.

*

आता हे रेल्वेतलं. यांच्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघं नाशिकरोडहून नागपूरला निघालो होतो. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, गाडीत गोड बोलून लाडू देतात, त्यात गुंगीचं औषध असतं, जाग येते तेव्हा बॅग नसते. मी तो यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि बॅगांना साखळी लावली.

समोरच्या बाकावर माझ्याच वयाच्या एक बाई. नीटनेटक्या, कानात कुड्या, तोंडात साखर. मनमाड यायच्या आत त्यांनी आमचं सगळं विचारून घेतलं. कुठे उतरणार, लग्न कोणाचं, मुलं घरी एकटी आहेत का. मी निम्मं खोटं सांगितलं. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरला. आत डिंकाचे लाडू.

मी यांच्याकडे पाहिलं. हे लाडवांकडे पाहत होते. यांना शुगर आहे, असं मी पटकन सांगितलं. मग तुम्ही घ्या, त्या म्हणाल्या. मी उपास सांगितला. त्यांनी डबा बंद केला, पण बारीक डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिल्या.

जळगाव गेल्यावर मला भूक लागली. उपासाचं सांगून बसले होते, त्या जरा पेंगल्या तशी मी हळूच चिवड्याची पिशवी उघडली. त्यांनी डोळे उघडले. आता लाजेकाजेस्तव मी पिशवी पुढे केली. त्या दचकून मागे सरकल्या आणि त्यांनी आपली पर्स पोटाशी धरली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मेसेज त्यांनाही आला होता.

मग त्या म्हणाल्या, "असं करू या. तुम्ही तुमच्यातला आधी खा. मी माझ्यातला खाते."

मी मूठभर चिवडा खाल्ला. त्यांनी अर्धा लाडू खाल्ला. दोघींनी भुसावळ येईपर्यंत वाट पाहिली. कोणीच झोपलं नाही, तेव्हा डबा आणि पिशवीची अदलाबदल केली. लाडू उत्तम होता. यांनी मधल्या वेळात एक उचलला होता, हे मला अकोल्याला कळलं.

*

ओंकारच्या फोनवर 'गॅस एजन्सी' असं नाव सारखं यायला लागलं. जेवताना गॅस एजन्सी, आंघोळीला गेला की गॅस एजन्सी. मी एजन्सीला सिलेंडरसाठी फोन करते तेव्हा तिकडून कोणी उचलत नाही, आणि याला मात्र ते आपणहून दिवसभर फोन करतात, हे मला पटेना. शिवाय गॅस एजन्सीशी बोलायला हा गच्चीवर कशाला जातो?

एकदा तो दाढी करत होता आणि फोन टेबलावर वाजला. मी उचलला. काही न बोलता कानाला लावला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "उठलास का?"

मी आवाज शांत ठेवला आणि विचारलं, "गॅस एजन्सी का? आमचा सिलेंडर कधी येतोय?"

फोन कट होईल असं मला वाटलं होतं. पण पोरगी धीराची निघाली. म्हणाली, "उद्या सकाळपर्यंत पाठवते, काकू. रिकामा सिलेंडर तयार ठेवा."

मी फोन ओंकारच्या हातात दिला आणि म्हटलं, या एजन्सीला एकदा घरी जेवायला बोलाव.

*

हसण्यावारी न जाणारंही असतं.

ऋचाला स्वयंपाकाचा कंटाळा. पाणी उकळायचं असलं तरी ती कोणालातरी हाक मारते. आणि एके दिवशी तिचा पुण्याहून फोन आला, आई, भाताची पेज कशी करतात? मी सांगितलं. संध्याकाळी पुन्हा फोन, पेजेत मीठ किती? दुसऱ्या दिवशी विचारलं, ताप उतरल्यावर परत चढतो का गं? मी म्हटलं, कोणाला ताप आहे? म्हणाली, कोणाला नाही, अभ्यासात आहे. मागे कोणीतरी खोकत होतं. मी व्हिडिओ कॉल लावला तर तिने कॅमेरा छताकडे धरला.

मला दोन शंका आल्या. एक, हीच आजारी आहे आणि सांगत नाही. दुसरी मी कोणाला बोलून दाखवली नाही, पण त्या फ्लॅटमध्ये खोकणारा मुलगा असावा असं माझ्या मनात आलं होतं.

यांना म्हटलं, मी पुण्याला चालले. हे म्हणाले, फोन करून जा. फोन करून गेल्यावर जायचं कशाला? मी पिशवीत तांदूळ, मेतकूट, तुपाची बरणी भरली आणि पहाटेची एसटी पकडली. चाकणला गाडी अडकली तेव्हा मी खिडकीशी बसून मनात सगळी भांडणं करून घेतली.

दार ऋचाने उघडलं. ठणठणीत. हातात डाव, केस विस्कटलेले, डोळे मात्र झोप न झाल्याने खोल गेलेले. मला बघून ती रडायलाच लागली. आत गादीवर तिची रूममेट मनीषा पडलेली. मनीषा सुरगाण्याकडची, तिथल्या एका पाड्यावरून शिकायला आलेली. डेंग्यू झाला होता. दवाखान्यातून घरी सोडलं होतं, पण अंगात उठायची ताकद नव्हती. ऋचा कॉलेज बुडवून तिचं सगळं करत होती. मला का सांगितलं नाहीस, म्हणून विचारलं तर म्हणाली, मनीषाने शपथ घातली होती. तिच्या घरी कळलं तर आई भाताची लावणी टाकून येईल.

मी मनीषाच्या कपाळावर हात ठेवला. तिने तो तसाच धरून ठेवला.

मी पेज केली, तिला भरवली. दुपारी ऋचाला झोपवलं आणि मनीषाला म्हटलं, शपथ ऋचाला घातलीस, मला नाही. तुझ्या आईचा नंबर दे. ती नको नको म्हणत होती. मी लावला.

शब्द जुळवून बोलायला सुरुवात केली. मी ऋचाची आई, नाशिकची, मनीषा बरी आहे, घाबरू नका. तिकडून गाडीचा आवाज येत होता. त्या बाई म्हणाल्या, "मी सिन्नरच्या पुढं हाय, ताई. काल पोरीचा आवाज ऐकला तवाच निंगाले. तिला सांगू नका, उठून बसंल."

संध्याकाळी त्या आल्या. खांद्याला नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची पिशवी, पायाला लावणीचा चिखल वाळलेला. त्यांनी आधी लेकीचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोटावर हात फिरवला. मग ऋचाला आपादमस्तक न्याहाळलं. मग मला. आणि लेकीला हळूच विचारलं, "यांनी तुला काय काय खायाला घातलंय?"

तिथे मला ती बाई फार आवडली. मनीषा हिंडूफिरू लागेपर्यंत आम्ही दोघी त्या खोलीत राहिलो. सकाळी एकीने नागलीची आंबील करायची, दुपारी दुसरीने मऊ भात. आणि त्या दोन्ही पोरी काय लपवतायत यावर आळीपाळीने लक्ष ठेवायचं.

*

हा शेवटचा. यातली गाठ साधी निघाली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही काळजी न करता ऐकाल. तेव्हा मात्र मला ते माहीत नव्हतं.

आंघोळ करताना हाताला लागली. छातीत, काखेच्या बाजूला. मी साबण खाली ठेवून पुन्हा चाचपून पाहिलं. मग रोजच्यासारखी आवरून शाळेत गेले. ऋचाची परीक्षा जवळ आली होती, यांची शुगर नुकती कुठे ताळ्यावर येत होती, ओंकारच्या कंपन्यांच्या मुलाखती सुरू व्हायच्या होत्या. कोणाला सांगायचं? कळल्यावर सांगू, असं ठरवलं.

द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात लेडी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी आणि सुईची तपासणी लिहून दिली. त्या दिवशी घरी मी सांगितलं होतं की देवळाली कॅम्पला साडीचे फॉल आणायला जातेय. परत येताना जेल रोडवरच्याच दुकानातून फॉल घेतले आणि टेबलावर सगळ्यांना दिसतील असे ठेवले.

तपासणीच्या दिवशीही कॅम्पचंच नाव सांगितलं. हे पेपर वाचत होते, बरं म्हणाले. ओंकार कॉलेजला गेला होता. बस द्वारकेकडे वळली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर कामात होते, खोटं सांभाळण्यात होते.

दवाखान्यात खूप गर्दी होती. प्रत्येकीबरोबर कोणी ना कोणी आलेलं. नवरा, बहीण, सून. एका म्हातारीचा लेक तिची चप्पल हातात घेऊन बसला होता. मी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली, म्हणजे माझ्याबरोबरही कोणी आहे असं वाटावं. पाणी प्यायला उठले. पर्स तशीच राहिली, हे कूलरपाशी गेल्यावर लक्षात आलं. एरवी मी असं कधी करत नाही. घाईने वळले.

पर्स एका मुलीच्या मांडीवर होती. ती ऋचा होती.

पुण्यात असायला हवी होती ती. केस नीट बांधलेले, पायाशी प्रवासाची बॅग. मी तिथेच उभी राहिले. ती म्हणाली, बस, तुझा नंबर यायला वेळ आहे, मी विचारून आलेय. मी बसले. विचारलं, परीक्षा? होईल, म्हणाली.

बाबा आणि ओंकार खाली पार्किंगमध्ये थांबलेत, तिने सांगितलं. तू चिडशील म्हणून वर येत नाहीत. ओंकारने मागच्या वेळेला तुला या दवाखान्यातून बाहेर पडताना पाहिलं आणि आत जाऊन आजची तारीख विचारून घेतली; तो गाडी घेऊन तुझ्या बसच्या मागेच होता.

माझ्या मागे? मी म्हटलं. त्याला तसं करायला कोणी सांगितलं?

"मी," ऋचा म्हणाली.

आतून नर्सने माझं नाव पुकारलं. ऋचा उठली, एका हाताने तिने माझी पर्स खांद्याला लावली आणि दुसऱ्याने माझा दंड धरला. मी तिला विचारलं, पण तुला पुण्यात बसून कसं कळलं? मी तर फोनवर काहीच बोलले नव्हते.

"मी तुला सांगितलं होतं ना, ग्रुपबरोबर गोव्याला चाललेय, मुलंपण आहेत," ती म्हणाली. "मी कुठेच जाणार नव्हते. तू काय म्हणतेस ते बघत होते फक्त. आणि तू 'बरं' म्हणालीस, आई."